सत्तावीस रेघा

भिंतीवरची मोठी जिग उतरवली, तेव्हा तिच्यामागं त्याच खिळ्याला आणखी एक जिग टांगलेली दिसली. ती माझी नव्हती.

मी ती खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून बघितली. माझ्या शेडमध्ये माझी नसलेली जिग असणं शक्यच नव्हतं. मी सोडून त्या शेडमध्ये कुणी काम करत नव्हतं.

गुरुवारची दुपार होती. रविवारी सकाळी टेम्पो येणार होता. माझी मुलगी उज्ज्वला पुण्याहून येऊन मला कायमचं घेऊन जाणार होती आणि शेडमधलं सगळं सामान मुलांना सुतारकाम शिकवणाऱ्या एका शाळेला जाणार होतं. माझी बायको यमुना जाऊन सहा महिने झाले होते. त्या सहा महिन्यांत मी शेडचं दार तीनदा उघडलं असेल. सामान देऊन टाकायचं मीच ठरवलं. कुणी मला भरीला घातलं नव्हतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. माझ्या कामाविषयी थोडं सांगितल्याशिवाय ती कळणार नाही.

कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत मी चौतीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो. तो लाकडी भाग वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. त्या लाकडी भागाला पॅटर्न म्हणतात. रिटायर झालो तेव्हा उचगावच्या घरामागं पत्र्याची शेड घातली आणि स्वतःचं सुतारकाम सुरू केलं. विकतची यंत्रं घ्यायची नाहीत असं ठरवलं होतं. पिठाच्या गिरणीची जुनी मोटर लावून टेबलावरची करवत केली. पाण्याच्या पाइपांचे, लाकूड आवळून धरायचे शिकंजे केले. भोकं पाडायचं स्टँड सायकलच्या सुट्या भागांतून केलं. मग जिगा करायला लागलो.

जिग म्हणजे कामाला धरून ठेवणारी चौकट. एकच तुकडा पन्नास वेळा कापायचा असेल तर दरवेळी मोजत बसायचं नाही. एकदा मोजून जिग करायची, तिच्यात लाकूड सरकवायचं आणि कापायचं. पन्नासही तुकडे सारखे येतात. माझ्याकडं त्रेचाळीस जिगा होत्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं नाव आणि तारीख घातलेली होती. गोल कापायची, तिरकं कापायची, जोड पाडायची, आणि जिगेला लागणाऱ्या पट्ट्या कापायचीसुद्धा एक होती.

यमुना दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "अवजारांची अवजारं करताय. वस्तू कधी करणार?"

ती अधूनमधून काही ना काही मागायची. देव्हाऱ्याला दार, चपलांना मांडणी, ओट्यासाठी काहीतरी, शिडीची तुटलेली पायरी. माझं उत्तर ठरलेलं असायचं, "तेवढी जिग होऊ दे." देव्हाऱ्याच्या दारासाठी मी दोन जिगा केल्या. देव्हाऱ्याला अजून पडदाच होता.

तर ही चव्वेचाळिसावी. नाव नाही, तारीख नाही. खाली फूटभर लांबीचा प्लायवूडचा तुकडा. त्यावर दोन सागवानी पट्ट्या, एका बाजूला जवळ येत गेलेल्या, निमुळत्या. टोकाला एक अडणी, लाकूड पुढं सरकू नये म्हणून. वर बिजागरीला लावलेली छोटी फळी, तिच्यात पितळेची नळी बसवलेली, म्हणजे ड्रिलचं टोक बरोबर एकाच जागी उतरावं. लाकूड दाबून धरायला काळ्या रबराचं जाड कडं. स्क्रू चार जातींचे. एक तर कपाटाच्या मुठीचा होता. पण काम वाईट नव्हतं. ज्यानं केलं त्याला काय हवंय ते पक्कं माहीत होतं.

पाठीमागं पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी, असे पाच गठ्ठे आणि वर दोन. सत्तावीस.

म्हणजे या जिगेवर सत्तावीस नग निघाले होते, माझ्याच शेडमध्ये. कसले नग? आणि गेले कुठं?

मी बांधाबांध सोडून स्टीलची पट्टी घेतली आणि मोजायला बसलो. लांबी तीनशे तीन मिलिमीटर. रुंदी दोनशे दोन. टोकापासून भोकाचं अंतर एकशे एक. असली मापं कुणी घेत नाही. माणूस तीनशे घेतो, दोनशे घेतो, शंभर घेतो. पुन्हा मोजलं. तेच आलं.

मग लक्षात आलं आणि मी दारामागं बघितलं.

लोखंड थंड होताना आकसतं. शंभराला साधारण एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब नको म्हणून आमच्याकडं वेगळी पट्टी असते, श्रिंकेज पट्टी. तिच्यावर तीनशे लिहिलेलं असतं, पण खरे असतात तीनशे तीन. दिसायला साध्या पट्टीसारखीच. कारखान्यातून निघताना साहेबांनी मला माझी पट्टी दिली होती. ती मी दारामागं टांगली होती आणि चुकून कुणी घेऊ नये म्हणून तिला लाल दोरा बांधला होता.

ही जिग त्या पट्टीनं केलेली होती.

म्हणजे करणारा माणूस आमच्याच धंद्यातला. माझ्या शेडमध्ये येऊन त्यानं कसलातरी पॅटर्न केला, सत्तावीस नग काढले आणि जिग माझ्याच खिळ्याला लपवून गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचं तरी कुतूहल वाटत होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी उज्ज्वलाचा फोन आला, बांधाबांध कुठवर आली म्हणून विचारलं, तेव्हा मी चाललीय म्हटलं. खरं तर जिग मांडीवर घेऊन बसलो होतो.

शुक्रवारी सकाळी जिग कापडी पिशवीत घालून इस्माईलकडं गेलो. इस्माईल मुल्लाणी आमच्या फौंड्रीत मोल्डर होता. मी लाकडाचा पॅटर्न करायचो, तो वाळूत दाबायचा. तीस वर्षं आम्ही एकमेकांच्या चुका काढल्या. दोन गल्ल्या सोडून राहतो. यमुना गेल्यावर महिनाभर रोज येऊन बसायचा. मी बोलायचो नाही, म्हणून मग येणं कमी केलं होतं.

"या मिस्त्री," तो म्हणाला. "पिशवीत काय? काम असलं तर मी रिटायर हाय."

मी जिग त्याच्यापुढं ठेवली आणि मापं सांगितली. त्यानं चष्मा लावला. शंभराला एक म्हटल्यावर तो सरळ होऊन बसला.

"आपल्यातलाच हाय कोणतरी."

"तेच म्हणतोय मी."

"आन हे बघितलंसा?" त्यानं निमुळत्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "ड्राफ्ट दिलाय."

ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पॅटर्न वाळूतून काढताना वाळू ढासळू नये म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. त्याला ड्राफ्ट म्हणतात. बाहेरच्या माणसाला हे सुचणार नाही. आकस आहे, ड्राफ्ट आहे, म्हणजे हा ओतकामाचाच पॅटर्न. आम्हा दोघांना शंकाच राहिली नाही.

मग आम्ही तो भाग कशाचा असेल ते शोधायला बसलो. इस्माईल म्हणाला, उसाच्या चरकाचा ब्रॅकेट. मी म्हटलं, चरकाला एवढं लहान भोक नसतं. तो म्हणाला, मग पंपाचा पाय. मी म्हटलं, पंपाला चार भोकं लागतात, एक नाही. त्यानं खडूनं फरशीवर आकृती काढली. मी ती पुसून दुसरी काढली. कुणी केलं असेल यावरही झालं. आमच्यातला बाळू चौगुले एकदा माझी शेड बघायला आला होता, पण त्याच्यानं खिळासुद्धा सरळ बसत नव्हता हे इस्माईलनंच सांगितलं. रबराच्या कड्यावर आमचा दहा मिनिटं वाद झाला. तो म्हणाला, हायड्रॉलिकचं सील. मी म्हटलं, एवढं मोठं सील आपल्या कारखान्यात कुठल्या मशीनला होतं सांग. त्याला सांगता येईना, पण सीलच हाय म्हणाला.

राबियावहिनी चहा घेऊन आल्या. इस्माईलची बायको. आतल्या दारात थांबून त्यांनी आमचं थोडं ऐकलं असावं. कप ठेवताना फरशीवरच्या आकृत्या बघितल्या, मग जिग बघितली.

"कुकरची रिंग हाय ती," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं जिगेवर वाकलो.

"आन ही नळी स्टोव्हची. यमुनाभाभींच्या जुन्या स्टोव्हची." त्यांनी जिग उचलली, पाठ वळवली, रेघांवर बोट ठेवलं. दुसऱ्या गठ्ठ्यापाशी थांबल्या. "ही माझी. सातवी."

इस्माईल म्हणाला, "काय सातवी?"

"तुमच्या चरकाचा ब्रॅकेट," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "भाऊ, आत या."

तीस वर्षं मी त्या घरी जात होतो. सोप्यात बसायचं, चहा घ्यायचा, उठायचं. आतल्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्याकडं पुरुषमाणूस दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जात नाही. मी इस्माईलकडं बघितलं. तो म्हणाला, "जावा की. मीबी येतो. मलाबी ठाऊक न्हाई आत काय चाललंय."

ओट्यावर विळी होती. आमच्याकडं विळी जमिनीवर ठेवतात आणि तिच्या पाटावर एक पाय दाबून, उकिडवं बसून चिरतात. राबियावहिनींची विळी ओट्यावर एका फळीत बसवलेली होती. फळीच्या खाली पुढच्या कडेला एक पट्टी होती, ती ओट्याच्या काठाला अडकून बसली होती. वर दोन निमुळत्या पट्ट्या होत्या. त्यांच्यामध्ये विळीचा पाट सरकवून घट्ट केलेला आणि मागून एक लाकडी खुंटी घातलेली.

वहिनींनी उभ्या उभ्या एक कांदा चिरून दाखवला. विळी हलली नाही.

"गुडघे गेले माझे," त्या म्हणाल्या. "नमाजाला खुर्ची घेतली. विळीला काय करणार? यमुनाभाभींनी हे दिलं."

मी खुंटी काढली, विळी सोडवली, फळी हातात घेतली. पट्ट्यांचा उतार बोटानं बघितला. तो ड्राफ्ट नव्हता. प्रत्येकीच्या विळीचा पाट वेगवेगळ्या रुंदीचा असतो. पट्ट्या निमुळत्या असल्या की कुठलाही पाट आत सरकत जातो आणि आपल्या मापाला येऊन अडकतो. मी करायला घेतलं असतं तर सगळ्यांच्या विळ्या मोजत बसलो असतो.

वहिनींनी मग सगळं सांगितलं. रिटायर झाल्यावरही कारखाना मला मंगळवारी आणि शुक्रवारी जुने पॅटर्न दुरुस्त करायला बोलवायचा. ते दोन दिवस यमुना शेडमध्ये असायची. डॉक्टरांनी तिला खाली बसायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तेव्हा पहिली फळी तिनं स्वतःसाठी केली. ती वहिनींनी बघितली. मग एकीची बघून दुसरी आली. मोटरच्या करवतीला ती हात लावायची नाही. हातकरवत आणि हातानं फिरवायचं ड्रिल. पहिल्या काही फळ्या मोजून केल्या, त्या वेगवेगळ्या निघाल्या, म्हणून मग तिनं जिग केली. पट्टी तिनं दारामागची घेतली. हाताशी तीच होती. लाल दोरा कशाला आहे, हे तिनं मला कधी विचारलं नाही आणि मी तिला सांगितलं नव्हतं.

मला एक गोष्ट आठवली. कारखान्यातून आणलेल्या पेट्यांच्या फळ्या मी शेडमागं रचून ठेवल्या होत्या. त्या कमी होत होत्या. ती अंघोळीच्या बंबात घालते असं मी धरून चाललो होतो. एकदा तोडून बोललो होतो, माझी लाकडं जाळू नकोस म्हणून. ती "बरं" म्हणाली होती. एवढंच.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, चंपाक्कांचं राहिलंय. भाभींनी त्यांची फळी कापूनसुद्धा ठेवली होती. तुम्ही शेड देऊन टाकताय म्हणं, म्हणून कुणी विचारलं न्हाई. आणखी चौघी हायेत, त्यांचं जाऊ द्या. पण चंपाक्का एकटी हाय. तिला खाली बसलं की उठवायला कुणी न्हाई."

मी बघतो म्हटलं.

घरी आलो आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो. ओट्यावर शेगडीच्या शेजारी दुधाचं पातेलं होतं. ते ज्यावर ठेवलं होतं त्या फळकुटाकडं मी सहा महिने बघत होतो. गरम भांडं ठेवायला बरं म्हणून मीच ते ओढून घेतलं होतं. पातेलं उचललं, फळी उलटी केली. निमुळत्या पट्ट्या खाली होत्या. मी ती पालथी वापरत होतो.

चौतीस वर्षं लोकांनी माझ्या नजरेची तारीफ केली. अर्ध्या मिलिमीटरचा फरक मी लांबून सांगायचो.

शनिवारी सकाळी शेड उघडली. चंपाक्कांची फळी सापडायला वेळ लागला नाही. माझ्या बाकाखालीच होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सोबत दोन पट्ट्या. जिगेत बसवून पट्ट्या ठोकायच्या, भोक पाडायचं, खाली पट्टी लावायची, संपलं. तासाभराचं काम.

मी फळी जिगेत सरकवली. टोकाची अडणी किंचित हलत होती. केसभर. एवढ्या फळ्या काढून सैल झाली असेल. म्हटलं, आधी ती आवळून घ्यावी. आवळताना दिसलं की ती काटकोनातही नाही. ती काढून काटकोनात बसवायची तर स्क्रूची भोकं बदलणार. भोकं बदलायचीच आहेत तर शंभराला एकची चूकही आत्ताच काढून टाकावी. मी अडणी उतरवली. मग एक पट्टी उतरवली. नवीन प्लायवूड काढलं, कागद घेतला, मापं लिहिली. तिरकी पट्टी हवी तशी फिरवता यावी म्हणून खाच ठेवली तर बरं पडेल, असं सुचलं. खाच पाडायला माझ्याकडं जिग होती, पण ती तर मी सुतळीनं बांधून ठेवली होती. गठ्ठा सोडला. दुपारी जेवायला उठलो नाही. इतकं बरं मला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पाच वाजता बाकावर तीन कागद होते, यमुनाच्या जिगेचे पाच तुकडे होते आणि चंपाक्कांची फळी सकाळी होती तशीच होती.

रविवारी सकाळी मी त्याच कागदांवर वाकलो होतो. बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. उज्ज्वला शेडच्या दारात येऊन उभी राहिली. आई उभी राहायची तिथंच.

"अण्णा, काहीच बांधलं नाही?"

"बांधलं होतं. सोडलं परत."

ती आत आली. बाकावरचं सगळं बघितलं. सुटे तुकडे, कागद, फळी. तिनं पितळेची नळी बसवलेली फळी उचलली आणि मग माझ्याकडं बघितलं.

"हे आईचं."

"तुला माहीत होतं?"

"माझ्याकडं आहे की एक. पुण्याला. दुसऱ्या नंबरची." तिनं नळीवरून अंगठा फिरवला. "मी म्हटलं होतं तिला, अण्णांना दाखव. तुझं काम बघून खूश होतील."

"मग?"

"आई म्हणाली, सांगू नको. त्यांना कळलं तर आधी जिग सुधारायला घेतील. माझ्या बायका तोवर खालीच बसतील."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. उज्ज्वलाच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं आणि ते जाईना. मग तिचे डोळे भरले आणि तरीही ते गेलं नाही. मलाही हसू आलं. कागदावरच्या खाचेची आकृती माझ्यापुढंच होती. सकाळी सहापासून मी तिच्यावर अर्धा मिलिमीटर इकडं की तिकडं याचा विचार करत होतो.

मी कागद बाजूला केले. यमुनाची अडणी घेतली, तिच्या जुन्या जागी ठेवली आणि जुन्याच भोकात स्क्रू पिळला. मग पट्टी. मग बिजागरी. कुकरची रिंग वरून ओढून बसवली. अडणी अजून केसभर हलत होती.

"टेम्पोला काय सांगू?" उज्ज्वलानं विचारलं.

"चहाला बोलव त्याला."

"आणि सामान?"

"चंपाक्कांचं होऊ दे."

"आणि मग?"

"मग चौघी आहेत आणखी."

तिनं एकदा भिंतीकडं बघितलं. त्रेचाळीस खिळे मोकळे होते. मग ती बाहेर गेली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं टेम्पो मागं घेतल्याचा आवाज आला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत राहिला.

ती परत आली तेव्हा मी फळीवर वरच्या दोन्ही पट्ट्या ठोकल्या होत्या. भोकही पडलं होतं. नळीतून ड्रिलचं टोक बरोबर जागी उतरलं. राहिली होती फक्त खालची पट्टी, ओट्याच्या काठाला अडकणारी. तिचं माप जिगेवर नव्हतं. ते यमुना दरवेळी मोजून घेत असणार. मी घरातली फळी आणून शेजारी ठेवली.

"पट्टी दे गं," मी हात मागं केला. मान वर न करता.

उज्ज्वलानं इकडंतिकडं बघितलं असेल. माझी स्टीलची पट्टी कागदांखाली गेली होती. ती दारापाशी गेली आणि हाताशी होती ती काढून माझ्या हातात दिली. बोटांना दोरा लागला म्हणून मी बघितलं.

माझ्या तोंडात आलं होतं, ही नव्हे.

मी पट्टी यमुनाच्या फळीवर ठेवली. बरोबर तीनशे. ना कमी, ना जास्त.

"हीच ना?" उज्ज्वला म्हणाली.

"हीच," मी म्हटलं, आणि पेन्सिल घेतली.